पाखाडीवरचा उजेड

प्रश्न : आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. फाटकापासून पडवीपर्यंत चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आहे आणि परसात विहीर आहे. आईवडील वृद्ध असल्याने रात्री फुरशाची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाची, भीती वाटते. मागे बसवलेले सौर दिवे पावसाळ्यात विझले. आता वायरमन 50 वॅटचा फ्लडलाइट सुचवतो. तो लावावा का?

उत्तर : कृपया लावू नका. उंचावरच्या प्रखर झोताने समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि प्रत्येक पायरीच्या कडेची सावली अधिकच काळी होते. मातीच्या रंगाचे, हातभर लांबीचे फुरसे नेमके त्या सावलीत दिसत नाही. पांढऱ्याशुभ्र उजेडावर किडे जमतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप, हे कोकणात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पाखाडीच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली प्रकाश टाकणारे, 3 ते 5 वॅटचे एलईडी दिवे बसवावेत. खोक्यावर 2700 ते 3000 केल्विन (उजेडाच्या रंगछटेचे माप) लिहिलेले असेल तर उजेड पिवळसर असतो आणि त्यावर किडे कमी येतात. विहिरीकडे हालचाल टिपणारा सेन्सरचा दिवा पुरे. मे अखेरीस काजवे येतात, तेव्हा आवारातले इतर दिवे मालवावेत, कारण काजव्यांची जोडीदाराला दिलेली खूण प्रखर उजेडात हरवते.

तुमच्याकडे खरा शत्रू आहे तो पाऊस आणि खारा वारा. दिवा किमान आयपी 65 दर्जाचा, म्हणजे धूळ व पाण्याचे फवारे आत न शिरू देणारा, घ्या. पत्र्याचा रंगवलेला दिवा दोनतीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो, त्यापेक्षा पितळ किंवा खाऱ्या हवेत टिकणारे 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील बरे. बंद पडलेला दिवा उघडून पाहिला, तर बल्ब अनेकदा शाबूत असतो. चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडात मात्र तांब्याची तार हिरवी पडलेली असते आणि आत मुंग्यांचे वारूळ असते. म्हणून जोड जलरोधक डबीतच करून घ्या, जमिनीखालून आर्मर्ड (पोलादी कवच असलेली) केबल न्या आणि या जोडणीला स्वतंत्र 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) व चांगले अर्थिंग हवेच. त्यात काटकसर करू नका. ढगाळ दिवसांत बॅटरी पुरेशी भरत नाही, त्यामुळे पाखाडीसाठी सौर दिव्यांवर विसंबता येणार नाही. हातातली विजेरी मात्र कोणताही दिवा लावला तरी सोडू नये.

खरेदीपूर्वी एखाद्या अमावास्येला आईंबरोबर पाखाडीवरून सावकाश चाला. पाऊल टाकताना त्या जिथे थबकतील, तिथे खडूने खूण करा. पहिले दिवे तिथेच बसवा.