‘आता आराम करा’ म्हणताना

“बाबा रिटायर झाले आणि बदललेच. दिवसभर टीव्हीसमोर, नाहीतर आईच्या मागे किरकिर. आयुष्यभर राबलात, आता आराम करा म्हटलं की अंगावर येतात. काय करू?” परळच्या एका मुलीचा हा प्रश्न. थोड्याफार फरकाने तोच घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. (या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

वडील बस डेपोत फिटर. आले ते गप्पच. खालून एक बस गेली तशी मान वळवून म्हणाले, “क्लच गेलाय हिचा.” मग बोलू लागले. पहाटे चारला अजून जाग येते. उठून खुर्चीत बसतात. “कुणी माझ्यासाठी खोळंबलेलं नसतं, मॅडम.”

ऑस्ट्रियातल्या मारिएनथालची कापडगिरणी १९३०च्या आसपास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने रेंगाळायचे, दिवसभर काय केलं ते त्यांना सांगता येईना. बायका मात्र भराभर चालायच्या, कारण त्यांचं काम बंद पडलंच नव्हतं. १९८२च्या संपानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. पगाराखेरीज नोकरी दिवसाला आखणी देते, घराबाहेरची माणसं देते, चारचौघांत ओळख देते, हे याहोडाने पुढे मांडलं. निवृत्तीत पेन्शन येत राहते; बाकीचं शाल-श्रीफळाच्या दिवशी एकदम जातं.

म्हणून मी नवरा-बायको दोघांनाही आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब लिहायला सांगितला. काकांच्या चार ओळी झाल्या. काकूंना कागद पुरला नाही: पहाटेचं पाणी, डबे, नातवाची शाळा, दळण, बाजार, सासूबाईंच्या गोळ्या. काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “आईच्या गोळ्या चार वेळा असतात?”

पाणी, बाजार आणि आईची औषधं त्यांनी आपल्याकडे घेतली. पूर्णपणे. हाताखाली मदत करायची नाही, कारण मग काम काकूंचंच राहतं आणि आठवण करून द्यायचं ओझंही त्यांच्यावरच. गोळ्या कधी संपतात, हे काकांनीच बघायचं. पहिल्या आठवड्यात ते स्वयंपाकघरालाही शिस्त लावायला निघाले होते. काकूंनी ऐकून घेतलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. आता त्या साडेपाचपर्यंत झोपतात. लग्नानंतर पहिल्यांदाच, म्हणाल्या.

मुलीला मी एवढंच सांगितलं: “आराम करा” हे तू मायेने म्हणतेस, पण त्यांना ऐकू येतं की आता तुमची गरज नाही. त्यांच्यावाचून खरोखर अडेल असं काम त्यांच्या हाती दे, आणि ते चुकलं तरी लगेच काढून घेऊ नकोस.

मात्र झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, “जगून काय करू” असं तोंडी येत असेल, तर नुसतं काम देऊन भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.