टीव्हीवरचे ट्रेनर चावऱ्या कुत्र्याला पाच मिनिटांत शांत करतात, ते खरं असतं का?

तुमचा प्रश्न वाचला. अडीच वर्षांचा लॅब्रडॉर, जेवताना कोणी भांड्याजवळ गेलं की गुरगुरतो, आणि तुमचे मोठे बंधू म्हणतायत की टीव्हीवर दाखवतात तसं त्याला एकदा जमिनीवर दाबून धरा, घरात बॉस कोण ते कळू दे. खरंच असं होतं का आणि घरी करून बघावं का, एवढंच तुम्ही विचारलंय.

करू नका. पुढचं सगळं या दोन शब्दांचं लांबण आहे, वेळ नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

बंधूंनी पाहिलेला कार्यक्रम कुठला ते तुम्ही लिहिलं नाही, पण अमेरिकेतला ट्रेनर सीझर मिलान याचा ‘डॉग व्हिस्परर’ असणार किंवा त्याचीच कुठली तरी नक्कल. २००४ ते २०१२ नॅशनल जिओग्राफिकवर चालला. आमच्याकडे तो दाजींमुळे लागायचा. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सुट्टीला कराडला आले की रिमोट त्यांच्या हातात. जावई माणूस, कोण काय बोलणार? ‘हे प्रयोग तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घरी करू नका’ अशी पाटी कार्यक्रमात यायची. ती यायची तेव्हा दाजी चहात खारी बुडवत असायचे.

आमचा बाळ्या गावठी. तांबडा रंग, शेपटी वळलेली, कधी कोणाच्या अंगावर गेलेला नाही. रविवारी मटण झालं की नळीचं एक हाड त्याचं, आणि ते घेऊन तो परसदारी धुण्याच्या दगडामागे जायचा. तिथे त्याला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला न बोललेला नियम. त्या वर्षी त्याचा गुरगुराट जरा वाढला होता, तो दाजींनी ऐकला. मला म्हणाले, “तुम्ही लाडावून ठेवलाय. तो स्वतःला या घरचा मालक समजतो. थांब, दाखवतो.”

मी तिथेच भांडी विसळत होते, त्यामुळे पुढचं जवळून पाहिलं. दाजी छाती काढून त्याच्यासमोर उभे राहिले, तोंडानं तो ‘त्श्श’ आवाज काढला आणि दोन बोटं त्याच्या मानेत, कानाच्या खाली, खुपसली. टीव्हीवर करतात तशीच. बाळ्या गुरगुरला. पुन्हा बोटं. मग गुरगुर थांबली. आता नीट वाचा, कारण तुमच्या घरीही हेच होणार आहे. त्यानं मान बाजूला वळवली, पण डोळे दाजींवरच ठेवले, इतके तिरके की पांढरा भाग दिसायला लागला. नाक चाटलं, परत चाटलं. अंग लाकडासारखं ताठ झालं. तोंड मिटलेलं. मी म्हटलं, “दाजी, मागे व्हा.” दाजी म्हणाले, “बघ, शरण आला.” आणि कौतुकानं थोपटायला हात पुढे केला.

अंगठ्याच्या बुडाशी चावा बसला. आवाज न करता, एकदाच. आई हळद घेऊन धावली, मी दाजींना ओढत नळाखाली नेलं आणि साबण लावून हात धुवायला लावला. (चावा कुठल्याही कुत्र्याचा असो, पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग थेट दवाखाना. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही.) मग इंजेक्शनांचा कोर्स, आणि त्या कोर्सच्या प्रत्येक खेपेला घरात एकच चर्चा: हा कुत्रा नदीपलीकडे सोडून या.

सोडून यायच्या आधी मी बाळ्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हैस तपासून हात धुऊन आले, बाळ्याच्या डाव्या कानाची पाळी उलटी केली आणि मलाच वास घ्यायला लावला. आत पू झाला होता. दाजींची बोटं जिथे खुपसली गेली ती जागा त्याच कानाखालची. थेंब दिले, गोळ्या दिल्या, कान बरा झाला आणि गुरगुरणंही पूर्वीइतकं उरलं, म्हणजे दगडामागे नळी असताना फक्त. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, “कान दुखतो म्हणून चावायचं? हेच तर डॉमिनन्स.” डॉमिनन्स म्हणजे वरचढ होऊ बघणं. त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात, बारशाला, डोहाळजेवणात हा वाद झालेला आहे. बाळ्या म्हातारा होऊन गेला, वाद शाबूत आहे.

दाजींचा चावा हा एकट्या दाजींचा अडाणीपणा होता असं मला वाटायचं. मग त्याच कार्यक्रमातल्या हॉलीचा २०१२ मधला भाग पाहिला. हॉली पिवळी लॅब्रडॉर, तक्रार तुमचीच: जेवणाच्या भांड्यावरून अंगावर येते. सीझर तिच्या भांड्याशी जाऊन उभा राहतो, ती दात दाखवते, तो तिच्या गळ्याशी हात मारतो, तिला मागे मागे रेटत नेतो. शेवटी ती खाली बसते. बघणाऱ्याला वाटतं झालं काम. तो हात पुढे करतो आणि ती त्याच हाताला कडकडून चावते. हे येताना दिसलं नाही, असं तो स्वतः म्हणतो. आवाज बंद करून तो भाग बघा: तिरके डोळे, जीभ ओठांवरून फिरवणं, मान वळवणं, सगळं दिसतं. कॅमेऱ्याला दिसलं, त्याला नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ट्रेनरची ही गत, तर तुमच्या बंधूंची काय होईल? हॉली त्या घरी परत गेली नाही, सीझरनं तिला कॅलिफोर्नियात स्वतःकडे ठेवून घेतलं. तुमच्या लॅबसाठी कॅलिफोर्नियात अशी सोय नाहीये.

तुमच्या प्रश्नातल्या ‘खरं असतं का’चं उत्तर त्यातच आहे. कॅमेऱ्यासमोर कुत्रं हलायचं थांबतं ते खरं. ते निवळतं हे खरं नाही, त्यानं फक्त इशारे देणं बंद केलेलं असतं. गुरगुरणं हा इशारा आहे, तो मारून बंद केलात तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. शिवाय पुढच्या महिन्यात त्या घरात काय झालं ते कोण दाखवतं?

‘बॉस’ची भानगड लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. अनोळखी जनावरं एका कुंपणात घातल्यावर भांडणारच. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकानं ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, घराघरांत नेला. मग याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समीर बेटावर मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. गादीसाठी मारामाऱ्या नाहीत. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये या डॉमिनन्सच्या खुळाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. दाजींना मी यातलं प्रत्येक वाक्य ऐकवलंय.

आकडे हवे असतील तर २००९ चा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला मेगन हेरन यांचा अभ्यास घ्या. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, घरी काय काय केलंत आणि कुत्रं त्यावर कसं वागलं. मारणं किंवा लाथ घालणं ज्यांनी केलं त्यांतल्या ४३ टक्क्यांच्या अंगावर कुत्रं आलं. तोंडातली वस्तू जबरदस्तीनं काढणाऱ्यांत ३९ टक्के. बंधू सुचवतायत ते उताणं पाडून दाबणं, ३१ टक्के.

आता तुमचं काम. आधी पशुवैद्य: कान, दात, हिरड्या, कंबर. मग भांड्याशी झटापट बंद. आपण जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाही, कुत्र्याला का उठवायचं? तो जिथे ताठ होत नाही तितक्या लांब उभं राहा, उकडलेल्या कलेजीचा तुकडा भांड्याच्या दिशेनं टाका आणि निघून जा. रोज. माणूस जवळ येतो तेव्हा भांड्यातलं जात नाही, उलट वाढतं, हे त्याला पटेपर्यंत. अंतर त्याच्या अंगाकडे बघून कमी करायचं, कॅलेंडरकडे बघून नाही. ताठ झाला की दोन पावलं मागे.

सीझरवर मी सगळं खापर फोडतेय असं वाटेल, तर तेवढंही नाही. कुत्र्याला रोज भरपूर चालवा हे तो सांगतो ते शंभर टक्के बरोबर, आणि दुसऱ्यांनी मारायला काढलेली कुत्री त्यानं सांभाळली आहेत. टीव्ही म्हणजे सगळा वाईट असंही नाही. ब्रिटनची व्हिक्टोरिया स्टिलवेल २००५ पासून खाऊ आणि कौतुकावर शिकवून दाखवत आली आहे. फक्त तिच्या कार्यक्रमात मारामारी नसते, म्हणून आमच्या दाजींना तो ‘बायकी’ वाटायचा.

आणि मी ट्रेनर नाही. तुमच्या लॅबनं आधीच कोणाला रक्त निघेपर्यंत चावलं असेल किंवा घरात रांगतं मूल असेल, तर कलेजीबिलेजी माझ्या भरवशावर करू नका. तो जेवेल त्या खोलीचं दार बंद ठेवा, मुसक्याची सवय लावा, आणि वर्तनाचं काम करणारा पशुवैद्य शोधा. ट्रेनर बोलावलात तर पहिल्या दिवशी त्याची पिशवी बघा. काट्यांचा पट्टा किंवा करंटवाला पट्टा निघाला तर चहा पाजून परत पाठवा. करंटचे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बेकायदा आहेत, आपल्याकडे ऑनलाइन घरपोच येतात.

तोपर्यंत जेवणाच्या वेळी बंधूंना त्या खोलीत जाऊ देऊ नका. हे उत्तर वाचायला दिलंत तरी ते ऐकतील याची खात्री नाही. दाजींनी अजून ऐकलेलं नाही.