पावसाने खेळ बुडाला, इसार कोणाचा?

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेसाठी आम्ही नारायणगावच्या राहुटीत (तमाशा फडांच्या सुपाऱ्या ठरतात त्या तंबूत) जाऊन एका तमाशा फडाची सुपारी २ लाख ४० हजार रुपयांना ठरवली आणि ८० हजार रुपये इसार दिला. यात्रेच्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस कोसळला, मैदानात घोटाभर चिखल झाला आणि पोलिसांनी रात्रीच्या खेळास लेखी मनाई केली. फड तोवर गावात पोचला होता. आता फडमालक इसार तर परत करत नाहीतच, उलट ‘आम्ही वेळेवर आलो’ असे सांगून उरलेली रक्कमही मागतात. करारनाम्यात ‘नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी मनाई यामुळे खेळ न झाल्यास कोणाचीही जबाबदारी राहणार नाही’ एवढे एकच वाक्य आहे. काय करावे?
– यात्रा समितीचे सचिव, पुणे जिल्हा

उत्तर : वकील ज्याला ‘फोर्स मेजर’ (कोणाच्याच हातात नसलेली घटना) म्हणतात, तीच अट आपल्या करारनाम्यात एका वाक्यात आलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सांगितले की, करारात अशी अट असेल तर आधी तिचाच अर्थ लावायचा. घडलेली घटना त्या अटीबाहेरची असेल तेव्हाच भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ कडे, म्हणजे पार पाडणे अशक्य झालेला करार निरर्थक ठरवणाऱ्या कलमाकडे, वळायचे. आपल्या अटीत ‘सरकारी मनाई’ हे शब्द स्पष्ट आहेत, त्यामुळे उरलेल्या १ लाख ६० हजारांची मागणी टिकेल असे मला वाटत नाही. ती रक्कम खेळाची होती, गावात येण्याची नव्हती.

इथे एक गोष्ट मात्र तपासून पाहा. पोलिसांच्या पत्रात मनाईचे कारण पाऊस आणि मैदानाची स्थिती असे लिहिले आहे, की ध्वनिक्षेपकाची किंवा कार्यक्रमाची परवानगी समितीने घेतलीच नव्हती असे? दुसरे कारण असेल, तर ती आपत्ती नसून आपली चूक ठरते आणि स्वतःच्या चुकीवर पांघरूण म्हणून ही अट वापरता येत नाही. नुसता चिखल झाला, प्रेक्षक कमी येतील, वर्गणी वसूल होणार नाही, एवढ्याने कोणतीही बाजू करारातून सुटत नाही, हेही त्याच निकालात वेगळ्या संदर्भात आलेले आहे.

इसाराचा गुंता याहून अवघड आहे. ‘जबाबदारी राहणार नाही’ या शब्दांचा फडमालक लावतात तो अर्थ त्यात नाही. खेळ न झाल्याबद्दल कोणी कोणाकडे नुकसानभरपाई मागू नये, एवढेच ते वाक्य सांगते. आधी घेतलेले पैसे कोणाकडे राहावेत याबद्दल ते गप्प आहे. ही पोकळी कलम ६५ भरते : करार निरर्थक ठरला की त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. योगायोग असा की, या कलमाखाली कायद्याने दिलेले एक उदाहरणच मैफलीचे आहे. गायिकेने १,००० रुपये आगाऊ घेतले, पण आजारपणामुळे ती गाऊ शकली नाही. आयोजकाचा बुडालेला नफा तिने भरून द्यायचा नाही, मात्र ते १,००० रुपये परत करायचे. आपले ८० हजार त्याच जातीचे आहेत. इसार जप्त करण्याचा प्रश्न करार मोडणाऱ्याच्या बाबतीत येतो, आणि इथे करार कोणीच मोडलेला नाही.

फडमालकांचीही एक बाजू आहे, ती नाकारण्याजोगी नाही. ट्रकचे डिझेल, पन्नासेक माणसांचे जेवण आणि त्या रात्रीची हुकलेली दुसरी सुपारी हे सारे त्यांच्या अंगावर पडले. इंग्लंडमध्ये १९४३ च्या कायद्याने असा खर्च आगाऊ रकमेतून वळता करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. आपल्या कलम ६५ मध्ये तशी स्पष्ट तरतूद नाही. म्हणून मी समितीला सुचवीन की, प्रवासाचा खरा खर्च पावत्या पाहून मान्य करावा आणि बाकीचा इसार परत घ्यावा, किंवा तो पुढच्या यात्रेच्या सुपारीत धरावा. पुढच्या करारनाम्यात ‘पावसामुळे खेळ न झाल्यास प्रवासखर्च वजा जाता इसार परत’ असे एक वाक्य घालायला राहुटीत पाच मिनिटे लागतात. तडजोड न झाल्यास दिवाणी दाव्याची मुदत खेळ बुडाल्यापासून ३ वर्षे आहे. तोवर पोलिसांचे मूळ पत्र सांभाळून ठेवा.