रोजच्या वापराला हेडफोन कोणता घ्यावा?
बघ भाऊ, जिंतूरहून परभणीला रोज एसटीनं जायलास म्हणल्यावर आधी ब्रँड सोड, कानात बसणाऱ्या रबरी टिप्स बघ. डब्यात बहुतेक तीन साइज येतात, दोन्ही कानाला वेगळी बी लागू शकते, अन् ती नीट बसली नाही की बास (गाण्यातला खालचा, जाड आवाज) गायब होतो मग लोक उगंच आवाज वाढवत बसतात. एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट कापायची सोय, इंजिनाची घरघर चांगली दाबतं, शेजारच्या मावशीचं बोलणं तेवढं नाही, तिथं टिपच कामाला येते. पाणी-धुळीपासून बचावाचं रेटिंग बी बघ: आयपीएक्स४ म्हणजे फक्त घाम अन् शिंतोडे सोसतो, त्यातला एक्स म्हणजे धुळीचं रेटिंगच दिलेलं नाही, आपल्याकडं तर उन्हाळाभर धूळच धूळ, म्हणून धूळ अन् शिंतोडे दोन्हीचं आयपी५४ भेटलं तर तेच घे. माझं विचारशील तर नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा, खिडकीजवळ कानातून निसटला तरी गळ्यातच राहतो.

रस्त्यात चार्जिंगला पॉवर बँक बी घेणार असशील तर १०००० एमएएचची पुरे. पण तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा, बाहेर ५ व्होल्टनं साधारण ६०००-६५००च हाती लागतात, म्हणून दुकानदाराशी भांडू नको. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तेवढी ठेवू नको, लिथियमला ऊन सोसत नाही. टाइप-सी केबल मात्र दोन घे, एक ऑफिसात राहू दे.