ला फोंतेनच्या प्राणिकथांसारखी चित्रमय पुस्तके मोजक्याच प्रतींत का छापतात?

मोजक्या प्रती काढणे ही केवळ किंमत चढवण्याची क्लृप्ती असावी, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करतो, आणि माझ्या मते प्रतींची मर्यादा आधी पत्रा घालतो, विक्रेता नंतर. पत्र्यावरील मेणाच्या लेपात सुईने रेघा ओढून तो आम्लात बुडवतात, आणि आम्लाने कोरलेल्या त्या रेघांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदासह तो रुळांखालून काढतात. प्रत्येक छापासाठी शाई नव्याने भरावी व पुसावी लागते आणि दर वेळी नाजूक छटा किंचित झिजतात. पोलादाचा मुलामा दिल्यास पत्रा अधिक टिकतो, श्रम मात्र तेवढेच राहतात.

आपण उल्लेखिलेला ग्रंथ, म्हणजे मार्क शागालच्या चित्रांसह निघालेल्या ला फोंतेनच्या प्राणिकथा, याचे उत्तम उदाहरण आहे. प्रकाशक आंब्रवाज व्होलार यांनी हे काम शागालकडे सोपवले, तेव्हा ला फोंतेनसारख्या फ्रेंच अभिजात कवीसाठी रशियात जन्मलेला ज्यू चित्रकार कशाला, अशी ओरड झाली. या कथांची मुळे पूर्वेकडची आहेत, असे व्होलार यांचे उत्तर होते. ला फोंतेनने १६७८च्या संग्रहात भारतीय ऋषी पिल्पेचे ऋण मान्य केलेच होते, आणि त्या नावामागे आपले पंचतंत्र आहे. शागालने आधी रंगीत गुआश (अपारदर्शक जलरंगातील) चित्रे काढली. ते रंग छपाईत साधेनात, म्हणून त्याने स्वतः १०० पत्रे कोरले. पुढे १९३९मध्ये व्होलार अपघातात वारले आणि दुसरे प्रकाशक तेरियाद यांनी १९५२मध्ये हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. आवृत्ती २०० प्रतींची होती. त्यांपैकी ८५ प्रतींतील चित्रे हाताने रंगवलेली आहेत.

पद्यामुळे आणखी एक अडचण येते. ला फोंतेनच्या ओळी लहानमोठ्या असल्याने पानाची उजवी कड सतत हलते, आणि समोरच्या चित्राशी तिचा तोल सांभाळावा लागतो. शिवाय छपाईच्या खिळ्यांची (धातूच्या सुट्या टाइपांची) अक्षरे उठावाची असतात, तर एचिंगची शाई खोलगट रेघांत असते. त्यामुळे मजकूर व चित्र एकाच यंत्रावर छापता येत नाहीत.

आपल्याला पंचतंत्रावर असे पुस्तक करायचे असल्यास एचिंगऐवजी लाकूड किंवा लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा) कोरावे. ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा ठेवला, तर कविता आणि चित्र एकाच दाबात छापता येतात.