छातीचे हाड न कापता हृदयाची शस्त्रक्रिया : रोबोविषयी वाचकांचे प्रश्न

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. तिच्या माइट्रल झडपेतून (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेतून) रक्त मोठ्या प्रमाणात उलटे गळते, असे इको तपासणीत आढळले असून डॉक्टरांनी रोबोच्या साहाय्याने झडप दुरुस्त करण्याचा पर्याय सुचवला आहे. आईचे हृदय यंत्राच्या हाती द्यायचे, या कल्पनेने आम्हा भावंडांची झोप उडाली आहे. शस्त्रक्रिया नेमकी कोण करते? यंत्र मध्येच बंद पडले तर?

उत्तर : शस्त्रक्रिया सर्जनच करतो. ‘रोबो’ हा शब्द ऐकला की स्वतःच्या बुद्धीने चालणारे यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि तुमच्यासारख्या अनेक कुटुंबांची भीती तेथूनच सुरू होते. पण या यंत्राला स्वतःहून एक टाकासुद्धा घालता येत नाही. सर्जन त्याच शस्त्रक्रियागृहात, रुग्णापासून काही फुटांवर, कन्सोलसमोर, म्हणजे यंत्र चालवण्याच्या मेजासमोर बसलेला असतो. त्याची बोटे जशी हलतात तशीच बरगड्यांमधून आत गेलेली बारीक अवजारे हलतात. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकते, बोटांची मोठी हालचाल आत लहान करून पोहोचवते, आणि अवजारांची टोके मनगटासारखी वळत असल्याने सरळ काठीसारख्या दुर्बिणीच्या अवजारांना जे कोन साधत नाहीत ते येथे साधतात. आज सर्वाधिक वापरात असलेल्या दा विंची यंत्रणेत सर्जनने कन्सोलवरून डोके उचलताच आतील अवजारे जागच्या जागी थांबतात. शिवाय दुसरा प्रशिक्षित सर्जन पूर्ण वेळ रुग्णाच्या शेजारी उभा असतो. यंत्रात बिघाड झाला, तर तो अवजारे बाहेर काढतो आणि पुढचे काम लहान छेदातून किंवा गरज पडल्यास छाती उघडून पुरे केले जाते. त्याची सर्व तयारी आधीच मांडून ठेवलेली असते. ही वेळ क्वचित येते, परंतु संमतिपत्रावर या शक्यतेचा उल्लेख असतो आणि तो असायलाच हवा.

आईच्या झडपेवर प्रत्यक्षात काय होईल, तेही सांगतो, कारण खरे महत्त्व त्याला आहे. माइट्रल झडपेच्या पडद्यांना खालून बारीक तंतू धरून ठेवतात, जसे हवाई छत्रीला दोर धरतात. त्यांतला एखादा तुटला किंवा लांबला, की पडदा उलटा वळतो आणि रक्त मागे गळू लागते. सर्जन तुटलेल्या तंतूच्या जागी कृत्रिम धागा बसवतो आणि झडपेच्या घेराला आधार म्हणून कडे शिवतो. अनेक यंत्रांवर धाग्याचा ताण हाताला मुळीच जाणवत नाही. जोर अधिक झाला तर धागा तुटतो किंवा ऊतक फाटते. म्हणून धागा किती ताठ झाला, त्याखालची कडा किती पांढुरकी पडली, हे मोठ्या झालेल्या त्रिमितीय चित्रात पाहून ताण ओळखावा लागतो. डोळ्यांनी स्पर्श करण्याची ही विद्या अंगी यायला पुष्कळ शस्त्रक्रिया कराव्या लागतात. शेवटी हृदयाच्या खालच्या कप्प्यात सलाइन भरून पाहतात : दोन्ही पडदे फुगून एकमेकांना नीट टेकले आणि कडेने पाणी आले नाही, म्हणजे दुरुस्ती जमली. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर अन्ननलिकेतून इको करून तीच खात्री धडधडत्या हृदयात केली जाते, आणि लक्षणीय गळती उरली असेल तर रुग्णाला टेबलावरून हलवण्यापूर्वी ती सुधारली जाते.

त्यामुळे सर्जनना भेटाल तेव्हा व्रण केवढा राहील हे नंतर विचारा. आधी विचारा, आईच्या झडपेत जसा दोष आहे तसा दोष आपण किती वेळा दुरुस्त केला आहे, त्यांपैकी किती जणांची झडप शेवटी बदलावी लागली, आणि किती जणांची छाती उघडावी लागली. चांगल्या सर्जनला हे प्रश्न खटकत नाहीत. ही पद्धत कालपरवाची नाही. पॅरिसमध्ये फ्रेंच हृदयशल्यचिकित्सक अलाँ कार्पांतिए यांनी मे १९९८ मध्ये रोबोच्या साहाय्याने माइट्रल झडप दुरुस्त केली होती. तरीही पद्धत जुनी असणे आणि ती करणारा हात मुरलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : माझ्या झडपेची रोबोच्या साहाय्याने शस्त्रक्रिया व्हायची आहे. छेद छातीवर असताना माझ्या पोटाचे आणि मांड्यांचेही सी. टी. स्कॅन करायला का सांगितले आहे?

उत्तर : झडपेचे काम चालू असताना हृदय थांबवलेले असते आणि शरीराला रक्त पुरवण्याचे काम हार्ट-लंग मशीन करते. छाती उघडली असती तर तिच्या नळ्या थेट हृदयाजवळ जोडल्या असत्या. येथे त्या सामान्यतः जांघेतील धमनी आणि शिरेतून घातल्या जातात. म्हणजे रक्त जांघेपासून महाधमनीमार्गे उलट दिशेने वर चढते. वाटेत चुन्याचे थर किंवा गुठळ्या असतील तर त्यांचा कण सुटून मेंदूत जाण्याचा आणि पक्षाघाताचा धोका असतो. हा सारा मार्ग स्वच्छ आहे ना, हे स्कॅनमध्ये पाहतात. ती तपासणी टाळू नका.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा असून मला मधुमेह आहे, हृदयाच्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत आणि पायांच्या धमन्याही अरुंद झाल्या आहेत. पूर्वी धूम्रपान केल्यामुळे फुप्फुसेही कमजोर आहेत. सर्जननी रोबो नाकारून नेहमीची बायपास सुचवली. आधुनिक उपचारापासून मी वंचित राहत आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि तुमच्या सर्जनविषयी मला आदर वाटतो. रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या बायपासमध्ये बहुधा छातीच्या आतील डाव्या बाजूची धमनी यंत्राने सोडवून घेतात आणि डाव्या बरगड्यांमधील लहान छेदातून ती हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडतात. हा जोड सर्वांत टिकाऊ असतो. दहा वर्षांनंतरही बहुतेकांमध्ये तो उघडा असतो. अडथळा मुख्यतः तेवढ्याच वाहिनीत असेल, किंवा उरलेल्या वाहिन्या स्टेंटने नीट उघडता येत असतील, तर ही सोय फार चांगली. तुमच्या तिन्ही वाहिन्या बाधित आहेत आणि मधुमेहही आहे. अशा रुग्णांना सर्व बाधित वाहिन्यांवर पूर्ण बायपास केल्याने दीर्घकाळ लाभ होतो, आणि हृदयाच्या मागच्या बाजूच्या वाहिन्यांपर्यंत खात्रीने पोहोचायला छाती उघडणे हाच बहुतेक ठिकाणी भरवशाचा मार्ग आहे. दुसरे असे की, रोबोच्या शस्त्रक्रियेत एका बाजूचे फुप्फुस काही तास मिटवून दुसऱ्या एकट्यावर श्वास चालवावा लागतो. तुमच्या फुप्फुसांना तो ताण सोसवेलच असे नाही. पायांच्या अरुंद धमन्यांतून नळी घालण्याची वेळ आली असती, तर तोही धोकाच होता. पूर्वी छातीवर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेले रुग्ण, महाधमनीच्या झडपेची मोठी गळती असलेले रुग्ण आणि तातडीने शस्त्रक्रिया लागणारे रुग्ण यांनाही सहसा नेहमीचीच पद्धत सुचवली जाते. हृदयाच्या बहुतांश शस्त्रक्रिया आजही याच पद्धतीने होतात आणि तिचा अनुभव अनेक दशकांचा आहे. धूम्रपान मात्र कायमचे सोडलेले असू द्या.

प्रश्न : पुढील महिन्यात माझ्या झडपेची रोबोच्या साहाय्याने दुरुस्ती होणार आहे. घरी परतल्यावर किती दिवसांत पूर्ववत होईन?

उत्तर : छाती उघडली की मधले हाड तारांनी बांधावे लागते आणि ते सांधायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, तोवर जड उचलणे आणि वाहन चालवणे वर्ज्य असते. तुमचे हाड शाबूत राहणार असल्याने हे निर्बंध बरेच लवकर सुटतात आणि अनेक जण काही आठवड्यांत कामावर परततात. मात्र ‘लहान छेद म्हणजे वेदना नाही’ असे समजून जाऊ नका. बरगड्यांमधील मज्जातंतू दुखावल्याने पहिले काही दिवस खोकताना, कुशीवर वळताना चांगलीच कळ येते. अशा वेळी वेदनाशामक औषध वेळेवर घ्या, कारण दुखते म्हणून श्वास आखडून घेतला तर फुप्फुसाचा तळ मिटतो आणि ताप येतो. श्वासाचे व्यायाम टाळू नका. हृदयाच्या स्नायूवर आणि आतल्या टाक्यांवर झालेले काम छेद लहान असो वा मोठा, तेवढेच असते; त्यामुळे थकवा जायला वेळ लागतो आणि पहिल्या काही दिवसांत ठोके अनियमित होणे याही पद्धतीत आढळते. जांघेच्या जखमेतून पाणी पाझरत असेल, तेथे सूज वाढत असेल, दम लागत असेल किंवा ताप येत असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जा.

आणखी एक सूचना, जी घरी पोहोचल्यावर पुष्कळ जण विसरतात : झडपेला कडे बसवलेले असेल, तर दात काढताना किंवा हिरड्यांचे काम करताना दंतवैद्याला ते आधी सांगा. तोंडातील जंतू रक्तातून त्या कड्यापर्यंत जाऊन तेथे संसर्ग करू शकतात, म्हणून असे उपचार सुरू होण्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते.