चेहऱ्यात भरलेली चरबी: प्लेटलेट्स तिला किती तारतात?

प्रश्न: वय २६, जालना जिल्हा. चार वर्षांत माझा डावा गाल खोल गेला. पॅरी-रॉम्बर्ग, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू हळूहळू झिजत जाणारा आजार, असं निदान झालंय. पोटाची चरबी गालात भरणार आहेत, पण निम्मी विरघळते म्हणतात. सोबत पीआरपी घेतलं तर टिकेल का?

ताई, तुमच्या भागात मोसंबीच्या बागा आहेत, म्हणून त्यातलंच सांगते. जंबेरीच्या खुंटावर भरलेला डोळा खुंटाशी जुळेपर्यंत नुसता तग धरून असतो. चरबीचंही तसंच. पहिले काही दिवस तिला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूला पाझरणाऱ्या द्रवावर ती जगते. मोठा गोळा भरला की मधल्या पेशी प्राणवायूवाचून मरतात आणि हळूहळू विरघळतात. म्हणूनच निरनिराळ्या अभ्यासांत टिकण्याचं प्रमाण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत दिसतं.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त यंत्रात फिरवून काढलेला, प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव. प्लेटलेट्समधून निघणारे वाढघटक नव्या केशवाहिन्यांना चालना देतात, म्हणून ते चरबीत मिसळायचं. कल्पना पटण्यासारखी आहे आणि काही अभ्यासांत फायदा दिसलाही. पण नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, कोणाला पीआरपी दिलं हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. त्यात पीआरपी घेतलेले लवकर सावरले, पण चरबी जास्त टिकली असं दिसलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: सर्जनचा हात आधी, पीआरपी नंतर. बोथट टोकाच्या बारीक सुईने, मोहरीएवढ्या थेंबांनी, वेगवेगळ्या थरांत चरबी पेरणारा सर्जन शोधा. पैसे मोजकेच असतील तर पीआरपीपेक्षा दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवा. काही महिन्यांनी ती बहुधा लागतेच. आणि गाल अजून आत जातोय का, हे आधी नीट तपासून घ्या. आजार थांबला नसेल तर भरलेली चरबीही झिजते. वर्षभर तरी चेहरा स्थिर राहिला पाहिजे. तोवर दर दोन महिन्यांनी एकाच उजेडात फोटो काढून ठेवा.

प्रश्न: लातूरमध्ये एकाने पीआरपी सांगितलं, दुसऱ्याने पीआरएफ. फरक काय?

पीआरपीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. फिरवल्यावर तळाला लाल थर, वर गवती पिवळा द्रव आणि मध्ये पांढुरकी बारीक रेघ दिसते. पीआरएफमध्ये ते औषध घालत नाहीत. फ्रान्समध्ये २००१च्या सुमारास शोकरून या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. त्यात फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचं, जाळं तयार होतं आणि वाढघटक काही दिवस हळूहळू सुटत राहतात. चरबीत मिसळायला कमी वेगावर फिरवलेलं पातळ पीआरएफ वापरतात, पण रक्त काढल्याबरोबर यंत्रात गेलं पाहिजे, नाहीतर नळीतच गोठतं. अमुकच श्रेष्ठ असं ठरवण्याइतका पुरावा अजून नाही.

प्रश्न: मी मिश्री लावते. बीडच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. दातांचा आणि गालाचा काय संबंध?

खूप संबंध आहे. निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ज्या केशवाहिन्या चरबीपर्यंत पोचायला हव्यात, त्यांचीच वाट अडते. महागडं पीआरपी घ्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, हे पेरलेल्या रानात पाणी तोडण्यासारखं आहे. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस पूर्ण बंद. नवऱ्याच्या गुटख्यालाही हाच नियम, तो ऑपरेशन करून घेणार असेल तर! सोडायला जड जात असेल तर डॉक्टरांना लपवू नका, मदत मागा.

प्रश्न: आईला ॲन्जिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणारी गोळी आहे. ऑपरेशनसाठी बंद करू का?

स्वतःहून एकही दिवस नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीखच घेऊ नका. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी प्लेटलेट्सचं काम मंदावतं, त्यामुळे पीआरपीचा उपयोगही कमी होऊ शकतो.

प्रश्न: मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. एप्रिलमध्ये करून घेतलं तर?

नको. सूज उतरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि काहींना जास्तही. खरा आकार तीन महिन्यांनी कळतो. दिवाळीनंतर लगेच केलंत तर मेपर्यंत निवांत वेळ मिळेल.